भिवाजीच्या नंबरावरची नऊ घरं

भिवाजीला एका जागी बसवत नाही, हे कुंभिवलीत कुणालाही विचारा. खोपोलीच्या कागद कारखान्यात छत्तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी साडेसहाला पाय आपोआप दाराबाहेर पडतात. बाहेर पडून करायचं काय, तर काही नाही. हायवेपर्यंत जायचं, टपरीवर अर्धा चहा प्यायचा, परत यायचं, वालाच्या शेतावर एक नजर टाकायची, की पुन्हा बाहेर. त्याची बायको बायजा म्हणते, "देवानं पायाला चाकं लावून धाडलंय, नि ब्रेक द्यायचा इसरलाय."

पण वस्तीत भिवाजीला मान होता तो पायांमुळे नाही, नंबरामुळे.

त्याचं असं झालं. वस्तीत पहिला मोबाईल आला तो भिवाजीचा. कारखान्यात ओव्हरटाईम करून घेतलेला. पुढं बँकेची खाती निघाली, गॅस आला, रेशनकार्डं नवी झाली, आधार आलं. जो तो फॉर्म मोबाईल नंबर मागू लागला. आता द्यायचा कुणाचा? "भिवाजीचा लिवा." लिहिला. मग हळूहळू घरोघरी फोन आले, नाही असं नाही. पण कुणाचा रिचार्ज संपतो, कुणी ऑफर मिळाली की सिम बदलतो, कुणाचा फोन चुलीजवळ ठेवून वितळतो. भिवाजीचा नंबर वीस वर्षांत हलला नाही. त्यामुळे लोकांनीही कागदावरचा नंबर हलवला नाही. अशी नऊ घरं. नऊ घरांचा गॅस, नऊ घरांची खाती, नऊ घरांचं आधार, सगळं भिवाजीच्या एका सिमवर.

बँकेतून, गॅसवाल्याकडून जो परवलीचा क्रमांक येतो त्याला ही माणसं आकडा म्हणतात. गॅसची गाडी घेऊन हरेश आला, की बाई अंगणातूनच हाक मारणार, "आबा, आकडा आला का वो?" आणि भिवाजी जेवत असला तरी ताटावरून उठून, उष्टा हात वर धरून, डाव्या हातानं फोन डोळ्यांपासून लांब नेऊन खणखणीत आवाजात वाचणार, "सात, दोन, दोन, नऊ!" सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. कारखान्यात भोंगा वाजायचा तसा.

आता फोन कसा ठेवलेला, ते ऐका आणि कपाळाला हात लावा. फोनला लॉक नाही. का, तर आबा आंघोळीला गेलेले असले आणि कुणाचा आकडा आला, तर ज्याचं त्याला बघता यावं. फोनची जागा ओटीवर, स्टीलच्या पेल्यात. पेल्यात आवाज मोठा येतो. नऊ घरांच्या पासबुकांचे, आधारांचे, एटीएम कार्डांचे पुढून-मागून काढलेले फोटो त्याच फोनात. का, तर कागदं उंदीर खातात. आणि नऊही घरांचा पिन एकच. कुठला? भिवाजीचा कारखान्यातला हजेरी नंबर. लोकांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "मी तो मरेपर्यंत इसरणार नाय, तुमी खुशाल इसरा." आणि लोक खुशाल विसरले.

त्याची सून सुरभी, माहेरची कर्जतची, खोपोलीलाच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी या विषयाचं शिक्षण देतात. घरी आली की ती चहा पिता पिता सासऱ्याला सांगायची. बाबा, फोनला लॉक लावा. बाबा, कार्डांचे फोटो पुसून टाका. सगळ्यांना एकच पिन नको. फोन करून कुणी काही डाउनलोड करायला सांगितलं तर फोन ठेवून द्या, तो माणूस कितीही गोड बोलू दे. आकडा आला की आधी वरची ओळ वाचा, तो कशासाठी आलाय ते, आणि मग तोंड उघडा.

"म्हंजे मी काय चोर हाय?" भिवाजी एकदा भडकला.

"तुम्ही नाही हो बाबा. पण चोराला इथं नऊ घरं फोडायची गरज नाही. एकच फोडलं की झालं."

ते भिवाजीला असं काही झोंबलं, की दोन दिवस तो सुनेशी बोलला नाही. जे सांगायचं ते बायजेच्या मार्फत. "तिला सांग, माझ्या नंबरावरनं वीस वर्षांत कुणाचा रुपाया हलला नाय." सुरभी तिथंच, हाताच्या अंतरावर भाकरी मोडत बसलेली. ती बिचारी गप्प राहिली. मीही असतो तर गप्प राहिलो असतो. त्या माणसापुढं बोलून दाखवा तुम्ही.

जानेवारीतला मंगळवार. सुरभी कामावर गेलेली, मुलगा फर्स्ट शिफ्टला. भिवाजी दुसऱ्यांदा हायवेवर जाऊन परत आला होता आणि तिसऱ्यांदा जावं का, या विचारात चपला घालत होता. तेवढ्यात पेल्यातला फोन वाजला.

"काका, नमस्कार. गॅस एजन्सीतून बोलतोय. तुमच्या नंबरावर कनेक्शन आहे, त्याची केवायसी राहिलीय. आज झाली नाही तर सिलेंडर बंद होईल."

"कुणाचं?" भिवाजीनं विचारलं.

"तुमच्या नंबरावर आहे काका, तुम्हालाच ठाऊक."

"सोनाबायचं असंल. तिचाच सिलेंडर यायचाय."

"हां, सोनाबाई. बरोबर. तेच."

बघा! नाव त्यानं नाही सांगितलं, ह्यानं सांगितलं. त्या भामट्याला सोनाबाई कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं. पण ज्याच्या नंबरावर नऊ सिलेंडर आहेत, त्याच्याकडं कुणाचा ना कुणाचा सिलेंडर नेहमीच यायचा असतो. सोनाबाई शेजारची, दोन नातवंडं सांभाळणारी. तिचा सिलेंडर बंद पडणार आणि तोही आपल्या नंबरामुळे, म्हटल्यावर भिवाजीच्या अंगात कारखाना संचारला. "काय करायचं ते बोला."

करायचं काही नव्हतं. व्हॉट्सॲपवर एक फाईल येईल, ती उघडायची आणि 'होय' म्हणत जायचं. फाईल आली. भिवाजीनं दाबली. फोननं स्वतःच तांबड्या अक्षरांत ओरडून सांगितलं, हे ॲप तुमच्या फोनला धोकादायक असू शकतं. आता इथं त्या कारखान्यातली सवय नडली बघा. मशीनची धोक्याची घंटी वाजली, की आधी बटण दाबून घंटी बंद करायची आणि मग काय झालंय ते बघायचं. नाहीतर सुपरवायझर धावत येतो. छत्तीस वर्षं त्यानं आधी घंटीच बंद केली होती. इथंही केली. 'तरीही पुढे जा.' मग फोननं विचारलं, मेसेज वाचू देऊ? होय. फोटो बघू देऊ? होय. मेसेज पाठवू देऊ? होय, होय.

"झालं काका. चोवीस तासांत अपडेट होईल. फोन बंद करू नका हां."

"नाय करत," भिवाजी म्हणाला आणि सोनाबाईच्या कुंपणाशी जाऊन ओरडून आला, "सोनाबाय, तुझा सिलेंडर वाचवला गं!" ती आतून म्हणाली, "बरं झालं वो आबा!" भिवाजी खूश. तिसरी फेरी मारायला हायवेवर गेला, आज फोन खिशात घेऊन, कारण फोन बंद करायचा नव्हता.

साडेअकराच्या सुमारास तो शेताच्या बांधावर होता. फोन वाजला. मेसेज. सहा आकडी आकडा, शेवटी चव्वेचाळीस एकाहत्तर असलेल्या खात्याचा. नऊ घरांच्या खात्यांचे शेवटचे आकडे भिवाजीला नातवंडांच्या नावांसारखे पाठ. चव्वेचाळीस एकाहत्तर म्हणजे चंद्राबाई.

चंद्राबाई त्याची चुलत बहीण, वयानं सहा वर्षं मोठी. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, चुलत्याच्या वाट्याच्या खोलीत एकटी राहते. खात्यात तिनं वाल नि भाजी विकून साठवलेले अडतीस हजार. पावसाच्या आत घरावर नवे पत्रे घालायचे होते.

भिवाजी तसाच तिच्या दाराशी गेला. ताई ओटीवर परात घेऊन बिरड्याचे वाल सोलत बसली होती.

"ताई, ब्यांकेत कुणाला धाडलंस का?"

"मी कशाला धाडू? बस की जरा."

"मग एटीएमला?"

"भिवा, मी सकाळपास्नं या परातीपास्नं हाललेली नाय. काय झालं रं?"

आकडा आला होता आणि तो कुणी मागितला नव्हता. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. आकड्याच्या आधी नेहमी हाक यायची, हाकेच्या मागं माणूस असायचा. आणि तो तिथं उभा असतानाच हातातला फोन पुन्हा वाजला. चव्वेचाळीस एकाहत्तर. या वेळी आकडा नव्हता. खात्यातून एकोणीस हजार नऊशे गेले होते.

"काय आलं?" ताईनं विचारलं.

"काय नाय," भिवाजी म्हणाला. "कंपनीची जाहिरात हाय."

तो पाठ फिरवून निघाला. ताईशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता आणि ते त्याच्या तोंडातून इतक्या सहज निघालं, की त्याचं त्यालाच कळलं नाही. रस्त्याला लागल्यावर कळलं. मग तो चालतच सुटला. हायवेपर्यंत गेला, टपरीवर न थांबता वळला, निम्म्या वाटेवरून पुन्हा हायवेकडं वळला. टपरीवाला म्हणाला, "आबा, काय हरवलं काय?" भिवाजीनं ऐकलंच नाही.

डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ताईला कळायचं काही कारण नाही. मेसेज येतो तो माझ्या फोनवर. पासबुक भरायला ती जाते ती माझ्याबरोबर. माझ्या फंडाचे पैसे पडलेत. उद्या पहिल्या गाडीनं शिळफाट्याच्या बँकेत जातो, एकोणीस हजार नऊशे तिच्या खात्यात भरतो, झालं. कुणाचं काही गेलं नाही. ना ताईला कळणार, ना वस्तीला. ना सुरभीला! सुरभीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. माझ्या नंबरावरनं रुपाया हलला नाय, हे वाक्य त्याला आता ओठांवर चटका बसल्यासारखं आठवत होतं. भरून टाकू. गुपचूप. मर्दासारखं. असं म्हणत म्हणत तो चौथ्यांदा वळला आणि फोन पुन्हा वाजला.

पुन्हा आकडा. खातं वेगळं. ते सोनाबाईचं होतं.

एक घर तो भरून काढील, दोन काढील. नऊ? तो धापा टाकत घरी आला, बायजेचा बटणांचा जुना फोन खुंटीवरच्या पिशवीतून ओढून काढला आणि सुनेला लावला. त्याचा स्वतःचा फोन त्यानं ओटीवर लांब ठेवला होता. विंचू दिसल्यावर माणूस जसा मागं सरतो, तसा तो त्याच्यापासून दोन पावलं लांब उभा होता.

"सुरभी, पोरी… गॅसवाल्यानं फाईल धाडली होती. मी ती… दाबली."

सुरभी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं फक्त विचारलं, "कधी?" आणि मग पटापट सांगू लागली. "बाबा, फोन हातात घ्या. वरून बोट खाली ओढा. विमानाचं चित्र आहे ना, ते दाबा. दाबलं? वायफाय आहे का आपल्याकडे? नाही ना, मग झालं, आता तो फोन बाहेर काही पाठवू शकत नाही. सिम काढून आईंच्या फोनमध्ये घाला. फोन फेकू नका, काही पुसू नका, मेसेज पुरावा म्हणून लागतील. मग नऊही घरांच्या बँकांना फोन करून खाती थांबवायला सांगायची. आणि बाबा, कुणाचे पैसे गेलेत का?"

बायजा दारात येऊन उभी होती. तिच्याकडं बघत भिवाजी म्हणाला, "नाय. कुणाचे नाय."

मग सुरभी हळू आवाजात म्हणाली, "गेले नसतील तर चांगलंच आहे. पण गेले असतील तर एक ऐका. एकोणीसशे तीस नंबर आहे, सरकारी. तिथं ताबडतोब सांगायचं. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात. लवकर सांगितलं तर वाटेत अडवता येतात. संध्याकाळी सांगून काही उपयोग नसतो, बाबा. आणि ज्याचं खातं आहे, त्याला शेजारी बसवून फोन करायचा. त्याची माहिती विचारतात."

फोन ठेवला. सिम बायजेच्या फोनात घातलं. ओटीवरच्या घड्याळात बारा वीस. पैसे गेल्याला चाळीस मिनिटं झाली होती. त्यातली निम्मी हायवेवर, वळण्यात गेली होती.

"कुणाचे गेले?" बायजेनं विचारलं. छत्तीस वर्षं त्याच्या पाळ्या सांभाळलेली बाई ती. तिला काय सुनेसारखं फसवता येणार होतं?

"ताईचे."

"तिला सांगितलंत?"

भिवाजी पायानं चपला चाचपू लागला. बायजेनं कपाळावर हात मारून घेतला. "आनि इथं उभे काय ऱ्हायलात! जावा!"

आता जायचं म्हणजे काय, तर चाळीस पावलं. पण वस्तीतून ती चाळीस पावलं भिवाजीला टाकता येईनात. जो माणूस दिवसातून दहा वेळा विनाकारण हायवे गाठतो, तो कुंपणाशी दोनदा थांबला. काय सांगायचं? मीच दार उघडलं? मघाशी जाहिरात म्हणालो ते खोटं होतं? त्याला वाटलं, आता परत जावं, सुरभीला बोलवावं, तिला नीट सांगता येईल. मग वाटलं, तोवर त्या पैशांनी तिसरं खातंही सोडलेलं असेल. भिवाजी स्वतःलाच एक कचकचीत शिवी देऊन आत शिरला.

"ताई, तुझे पैसे गेले. एकोणीस हजार नऊशे. माझ्या फोनमधनं गेले. मी कायतरी दाबलं, म्हनून गेले. नि मघाशी मी तुला खोटं सांगितलं. जाहिरात नव्हती ती."

एका दमात. श्वास न घेता. परातीकडं बघत.

ताईचा हात थांबला. तिनं नखाशी धरलेला वाल सोलून पूर्ण केला, परातीत टाकला, पदराला हात पुसले आणि पुढं केले.

"दाखव."

"इंग्रजीत हाय ताई ते. मी वाचून—"

"दाखव म्हनते ना."

त्यानं फोन दिला. ताईनं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब, मग उन्हाकडून सावलीकडं वळवला. ओठ हलवत हलवत म्हणाली, "एक, नऊ, नऊ, शून्य, शून्य. एकोणीस हजार नऊशे. नि हे खाली काय? अकरा बेचाळीस. येळ का ही?" तिनं वर बघितलं. "म्हंजे तू हितं उभा व्हतास तेवाच."

भिवाजी तिच्याकडं बघतच राहिला.

"आता काय करायचं असतं?" तिनं विचारलं.

त्यानं एकोणीसशे तीसचं सांगितलं. बायजेच्या फोनवरून लावला. लागला, कापला गेला. पुन्हा लावला. आता वाजणारं ते संगीत, आणि थांबा, थांबा, थांबा. भिवाजी ओटीच्या या टोकापासून त्या टोकाला आणि परत. "अरं बस खाली, माझं डोकं फिरतं," ताई म्हणाली, तरी त्याला बसवेना. शेवटी एक बाई बोलली. ताईनं फोन भिवाजीच्या हातून काढून घेतला आणि कानाला लावला. नाव सांगितलं. बँक सांगितली. खात्याचा नंबर विचारला, तेव्हा तिनं आत जाऊन डब्यातून पासबुक आणलं आणि एकेक आकडा, बोट ठेवून, न चुकता सांगितला. किती गेले, किती वाजता गेले, मेसेजमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक, सगळं. एका जागी अडली ती फक्त इंग्रजी अक्षरावर. "हे आमच्या भिवाला विचारा," म्हणून तिनं फोन पुढं केला, आणि अक्षर सांगून झालं की परत घेतला.

तक्रार नोंदली गेली. पलीकडची बाई म्हणाली, पुढच्या बँकेला लगेच कळवतो. काही रक्कम अडकली तर अडकेल, सगळी मिळेल असं सांगत नाही. मग बँकेला फोन. ताईचं खातं थांबवलं. उरलेले अठरा हजार शंभर जागेवर होते. सोनाबाईच्या खात्यातून काही गेल्याचा मेसेज आला नव्हता; विमानाचं चित्र दाबलं, त्याच्या जेमतेम आधी तो आकडा आला होता. पण त्या खात्याचा फोटो चोराकडं पोचलेला होता, आणि तसेच बाकीच्या सात घरांचे.

सगळं होऊन फोन खाली ठेवला तेव्हा एक वाजून गेला होता. ताई पुन्हा परातीपाशी बसली. वाल निसटत होते. ती काही म्हणेल, शिव्या देईल, रडेल, म्हणून भिवाजी उभा होता. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं पोटभर खाल्ल्या असत्या.

"पत्र्याचे मी भरतो, ताई," तो म्हणाला. "फंडातले हायेत."

"ते बघू. आधी सरकार काय देतंय ते बघू." मग ती म्हणाली, "मला एक असलाच बायजेसारखा बटनांचा फोन आनून दे. नि ब्यांकेत माझा नंबर घालून घेऊ. आता तुझ्याकडं नको रं, भिवा."

"नको," भिवाजी म्हणाला. ते बरोबरच होतं. मग मघापासून छातीत कोंडलेला प्रश्न बाहेर पडला. "ताई, तुला आकडे वाचता येत्यात?"

ताईनं मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "अरं, बावीस वर्षं शिळफाट्याच्या बाजारात बसले. काट्यावर आकडे कुठले असतात? इंग्रजीच ना? मोजून माप दिलं नि मोजून पैसे घेतले. अक्षर येत नाय मला. आकडा येतो की."

"मग इतकी वर्षं… मी पळत यायचो, वाचून दाखवायचो… तू बोलली नाय कदी?"

"आधी तुला हौस व्हती, म्हनून नाय बोलले. पुढं बोलनार व्हते." ताई एक वाल सोलायला लागली, तो निसटला, तिनं दुसरा घेतला. "मग तू रिटायर झालास. दिवसभर नुसता हायवेला जायचास नि यायचास. बायजा रडायची माझ्यापाशी, ह्यांचं काय खरं नाय म्हनून. एक आकडा आला, की तुझ्या तोंडावर रंग यायचा. मग म्हटलं, वाचू दे त्याला. सोनाबायबी तेच म्हनायची. तिच्या नातीचा फोन हाय की घरात, तिचा नंबर कदीच टाकता आला असता. नाय टाकला."

भिवाजीला ऐकू येत होतं आणि कळतही होतं, आणि ते कळणं सोसवत नव्हतं. नऊ घरं आपण सांभाळतोय असं तो इतकी वर्षं मिरवत होता, आणि नऊ घरं त्याला सांभाळत होती. त्याला रडू फुटलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, ओटीच्या खांबाला धरून, लहान पोरासारखा रडला. ताईनं त्याला रडू दिलं. तिचेही डोळे भरून आले होते. अर्धे पत्रे गेले होते तिचे.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "चल, ऊठ आता. अजून आठ घरं हायेत, त्यांना फोटोचं सांगायला हवं, पिन बदलायला हवेत. सोनाबाय जेवून झोपते. त्याच्या आत जा."

भिवाजी उठला. "तू येतेस?"

"नाय," ताई म्हणाली. "मला सांगितलंस तसंच सांग. खोटं नको घालू मदे."